स्पीड ब्रेकर कुठे हवा, रम्बलर कुठे हवा?

गावाच्या फाट्यावर कुणाचा जीव गेला की दुसऱ्या दिवशी रास्ता रोको होतो आणि मागणी एकच असते: इथे स्पीड ब्रेकर टाका. मागणीमागचं दुःख खरं आहे. देशात २०२३ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून जास्त माणसं गेली. पण त्या मागणीतून रस्त्यावर नेमकं काय येतं, यावर पुढचा अपघात टळणार की नवा घडणार हे ठरतं. कधी डांबराचा एकच उंच गठ्ठा येतो, कधी पंधरा-वीस आडव्या पट्ट्यांची रांग येते. अर्जात, बातमीत, बोलण्यात दोन्हींना स्पीड ब्रेकरच म्हटलं जातं, आणि मग एकाच्या जागी दुसरं बसवलं जातं.

दोन्हींचं काम वेगळं आहे. गतिरोधक, म्हणजे रस्त्यावरचा एकच आडवा उंचवटा, गाडीवर काम करतो. वेग कमी केला नाही तर गाडी आणि आतली माणसं उसळतात, म्हणून ड्रायव्हरला वेग कमी करावाच लागतो. रम्बलर, म्हणजे कमी उंचीच्या आडव्या पट्ट्यांची रांग, ड्रायव्हरवर काम करतो. स्टिअरिंगमधून कंप येतो, खडखडाट ऐकू येतो आणि पुढे काहीतरी आहे हे त्याला कळतं. ब्रेक दाबायचा की नाही, हे त्याच्याच हातात राहतं. म्हणून जिथे गाडी ताशी २५ किमीवर यायलाच हवी, तिथे रम्बलर अपुरा पडतो. आणि जिथे गाड्या ताशी ८० ने धावतात, तिथे गतिरोधक जीवघेणा ठरतो.

गतिरोधकाचं माप

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गोल पाठीच्या गतिरोधकाचं माप दिलेलं आहे. गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंमी आणि गोलाईची त्रिज्या १७ मीटर. तो ओलांडण्याचा अपेक्षित वेग ताशी २५ किमी. हा आकार मुळात ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात प्रयोग करून ठरवला गेला.

इतकी रुंदी कशाला, असं बघणाऱ्याला वाटतं. साध्या मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपास असतं. ३.७ मीटरच्या पाठीवर चारही चाकं एकाच वेळी चढलेली असतात, त्यामुळे गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यातलं अंतर जेमतेम साडेचार-पाच सेंमीने कमी होतं. भरलेली गाडीसुद्धा घासत नाही. तेच १५ सेंमी उंच आणि अर्धा मीटर रुंद गठ्ठा घेतला, तर तो अख्खा १५ सेंमी गाडीच्या पोटाखाली येतो आणि सायलेन्सर, ऑइल चेंबर घासतात.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगाची आहे. रुंद गतिरोधकावर वेग जितका जास्त, तितका त्रास जास्त. २५ ने गेलात तर गाडी हळुवार वर-खाली होते, ५० ने गेलात तर माणूस सीटवरून उचलला जातो. अरुंद गठ्ठ्यावर नेमकं उलटं होऊ शकतं. ताशी ६० किमी वेगाने अर्ध्या मीटरचा उंचवटा सेकंदाच्या तीन शतांश भागात पार होतो. दणका स्प्रिंगा आणि टायर गिळून टाकतात, म्हणून मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला हळू जाण्यापेक्षा जोरात जाणं सोयीचं वाटू लागतं. दुचाकीला ही सोय नाही. पुढचं चाक उडतं, हँडल वळतं. मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेल्या बाईला धरायला काही नसतं. ती पाठीमागे पडते आणि डोकं आपटतं, बहुतेक वेळा हेल्मेटशिवाय. ज्या गाडीला आवरायचं होतं ती निघून जाते आणि ज्यांना वाचवायचं होतं ते पडतात.

हा गठ्ठा तयार कसा होतो, तेही पाहायला हवं. रस्त्याचं काम उरकताना शिल्लक राहिलेलं डांबरमिश्रण फावड्याने ओढून त्यावर एकदा रोलर फिरवतात. साचा नसतो, पट्टे नसतात, फलक नसतो. नीट करायचं तर आधी जागा आखून घ्यावी, रस्त्याचा पृष्ठभाग खरवडावा, डांबराचा पातळ हात मारावा, गोलाईचा लाकडी साचा लावून गरम मिश्रण भरावं आणि दाबावं. थंड झाल्यावर काळे-पांढरे पट्टे मारावेत, रात्री चमकणारी कॅट आय बसवावी आणि गतिरोधकाच्या ४० मीटर आधी सूचना फलक लावावा. पट्टे एका पावसाळ्यात पुसट होतात. ते पुन्हा मारायचे पैसे कामाच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेले असावेत, कारण पट्टे गेलेला गतिरोधक अंधारात दिसतच नाही.

पाण्याचाही विचार हवा. रस्ताभर पसरलेला गतिरोधक बांधासारखा पाणी अडवतो आणि त्याच्या पायथ्याशी पहिला खड्डा पडतो. म्हणून कडेला पाण्याला वाट ठेवतात, तर त्याच फटीतून दुचाक्या घुसतात आणि कडेने चालणाऱ्यांना धडकतात. कडेला गटार किंवा खालून पाइप काढणं खर्चाचं आहे, पण शाळेसमोर तो खर्च करायलाच हवा.

रम्बलर कसा काम करतो

रम्बलरचं रूढ माप असं: साधारण २० ते ३० मिमी उंच आणि २० ते ३० सेंमी रुंद डांबरी पट्ट्या, एकमेकींपासून सुमारे एक मीटरवर, एका ठिकाणी १५ ते २०. थर्मोप्लास्टिक रंगाच्या पट्ट्या याहून बऱ्याच कमी जाडीच्या असतात आणि लवकर झिजतात. ताशी ८० किमी वेगाने जाणाऱ्या चाकाला सेकंदाला सुमारे २२ पट्ट्या लागतात, ४० ने जाणाऱ्याला ११. त्या आवाजातला आणि कंपातला फरक ड्रायव्हरला वेगाची जाणीव करून देतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर तासभर गाडी हाकल्यावर ८० चा वेगसुद्धा संथ वाटायला लागतो. तेव्हा ही जाणीव फार मोलाची असते.

हे साधन स्वस्त आहे आणि योग्य जागी परिणाम दिसतो. घानामध्ये अक्रा-कुमासी महामार्गावरच्या सुहुम जंक्शनला रम्बलर बसवल्यानंतर जानेवारी २००० ते एप्रिल २००१ या काळात तिथले अपघात सुमारे ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे ५५ टक्क्यांनी कमी झाल्याची नोंद आहे.

आपल्याकडे चूक होते ती जागेची. पट्ट्या अगदी फाट्यावर, झेब्रा क्रॉसिंगला चिकटून मारल्या जातात. ताशी ८० वेगाने येणाऱ्या गाडीला धोका दिसल्यापासून पूर्ण थांबायला १२० मीटर लागतात असं धरतात. त्यातले ५५ मीटर तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात. म्हणजे फाट्यावर जाग येऊन उपयोग नाही, शेवटची पट्टी फाट्याच्या किमान १२० मीटर आधी संपायला हवी. उतार असेल तर आणखी आधी.

दुसरी चूक उंचीची. पट्ट्या पाच-पाच सेंमी उंच केल्या की रम्बलर उरत नाही, गठ्ठ्यांची रांग होते. एसटीतली माणसं आदळतात, रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचे हाल होतात आणि दुचाकीवाले पट्ट्या चुकवायला साइडपट्टीच्या खडीवर किंवा थेट विरुद्ध बाजूला जातात. पट्ट्यांवरच ब्रेक दाबायची वेळ येऊ नये, हेही पाहायचं. ओल्या थर्मोप्लास्टिकवर दुचाकी घसरते. घरांच्या अगदी जवळ रम्बलर टाकले तर रात्रभर खडखडाट होतो आणि महिन्याभरात तेच ग्रामस्थ ते उखडून टाका म्हणतात.

महामार्गावर गतिरोधक का नको

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचं धोरण राष्ट्रीय महामार्गावर स्पीड ब्रेकर नकोत असंच आहे. ते निर्दयी वाटतं, पण हिशोब साधा आहे. ८० वरून २५ वर यायलाही सुमारे ११५ मीटर जातात. रात्री दिव्यांचा झोत खाली ठेवून चालवताना रस्ता चाळीस-पन्नास मीटरच दिसतो. पुढच्याला गठ्ठा अचानक दिसतो, तो ब्रेक मारतो, आणि मागून येणारा टँकर त्याच्यावर चढतो.

अशा फाट्यावर दोन्ही साधनं लागतात, पण वेगवेगळ्या रस्त्यांवर. गतिरोधक गावाकडून येणाऱ्या जोडरस्त्यावर, म्हणजे ट्रॅक्टर, दुचाकी थांबल्याशिवाय हायवेवर येणार नाहीत. रम्बलर हायवेवर, दोन्ही दिशांनी, पुरेशा आधी. त्यासोबत फाट्यावर दिवे हवेत आणि पायी ओलांडणाऱ्याला मध्ये उभं राहता येईल एवढं रुंद दुभाजक हवं. वर्दळ जास्त असेल तर भुयारी मार्गाला पर्याय नाही.

शाळेसमोरच्या, वस्तीतल्या रस्त्यावर मात्र गतिरोधकच हवा, आणि एक नव्हे. एका गतिरोधकानंतर ड्रायव्हर पुन्हा वेग घेतो, म्हणून ते १०० ते १२० मीटरच्या अंतराने मालिकेत टाकतात. प्रत्यक्ष ओलांडायच्या जागी सपाट माथ्याचा, पदपथाच्या उंचीचा रुंद गतिरोधक उत्तम. मुलं वरून चालतात आणि गाड्यांनाच चढावं लागतं. धडकेचा वेग ताशी ५० किमीवरून ६५ वर गेला की पायी चालणाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून इथे केवळ इशाऱ्यावर भागवू नये.

आणि काही जागी दोन्ही कमी पडतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा लांब उतार हे त्याचं ठळक उदाहरण. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एकाच अपघातात ४८ च्या आसपास वाहनांचं नुकसान झालं. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत घासून ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंगही जड होतं. अशा ट्रकच्या ड्रायव्हरला रम्बलरने जागं करून काय होणार? तिथे उताराच्या माथ्यावरच ट्रक खालच्या गिअरमध्ये आणायला लावणं, वेग मोजणारे कॅमेरे आणि ब्रेक गेलेल्या गाडीला शिरता येईल अशी वाळू-खडीची चढती वाट, हे उपाय आहेत.

टेप घेऊन मोजा

गतिरोधक बरोबर आहे का, हे दहा मिनिटांत कळतं. वाहतूक थांबवायला माणूस उभा करा. दोन मीटरची सरळ फळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी आडवी धरा, एक टोक गतिरोधकाच्या माथ्यावर आणि दुसरं रस्त्याच्या दिशेने हवेत, रस्त्याच्या पातळीला समांतर. माथ्यापासून १.८५ मीटरवर फळी आणि रस्ता यांतलं अंतर १० सेंमी भरायला हवं आणि निम्म्या वाटेवर, ९२ सेंमीवर, अडीच सेंमी. निम्म्या वाटेवरच सात-आठ सेंमी भरलं, तर उतार एकदम तुटतो आणि दुचाकी तिथेच उडणार. रम्बलरसाठी पट्टीची उंची मोजा आणि शेवटच्या पट्टीपासून फाट्यापर्यंतचं अंतर मोजा.

मोजमापाचे फोटो टेपसकट काढा. अर्ज रस्ता ज्याचा आहे त्याच्याकडे द्या: ग्रामीण रस्ता असेल तर जिल्हा परिषद, राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, शहरात महापालिका किंवा नगरपालिका, राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याची देखभाल करणारं प्राधिकरण. प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या आणि पोच घ्या. अर्जात नुसतं 'स्पीड ब्रेकर टाका' लिहू नका. किलोमीटरचा दगड, कोणत्या रस्त्यावर काय हवं, किती अंतरावर हवं, आत्ताचं माप किती आणि असायला हवं किती, हे लिहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १९८अ हे कलमही नमूद करा. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभालीचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला त्याखाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चुकीचं माप आधी लेखी कळवलेलं असेल, तर पुढे 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हणता येत नाही.