रात्रीचं छायाचित्रण (कोकण किनारा)

सूर्य बुडाल्यावर जो काही उजेड उरतो, चंद्राचा, ताऱ्यांचा, बोटींचा, कंदिलाचा नाहीतर काजव्यांचा, तेवढ्यावर कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढणं म्हणजे रात्रीचं छायाचित्रण. बोलताना सगळे नाईट फोटोग्राफीच म्हणतात. त्यातले नुसत्या आकाशाचे फोटो काढणारे स्वतःला अ‍ॅस्ट्रोवाले म्हणवतात आणि दशावतार, जत्रा, पालखी टिपणाऱ्यांना वेगळं धरतात, पण कोकणात एकाच माणसाच्या मेमरी कार्डात दोन्ही सापडतं म्हणून इथे एकत्रच घेतलंय. लग्नातले फ्लॅश मारलेले फोटो यात धरलेले नाहीत.

उजेड किती कमी असतो ते एका आकड्यावरून कळेल : पौर्णिमेचं चांदणं भर दुपारच्या उन्हापेक्षा सुमारे ४ लाखपट मंद असतं. म्हणजे दिवसा डोळ्याचं पातं लवायच्या आत होणारा फोटो चांदण्यात एफ २.८ अ‍ॅपर्चर (भिंगाचं तोंड मोठं उघडं) आणि आयएसओ १६०० (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ठेवून साधारण ८ सेकंद घेतो, तोही चंद्र डोक्यावर आणि हवा स्वच्छ असेल तर.

जगात या प्रकाराची सुरुवात चंद्रापासून झाली असं साधारणपणे मानतात. न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० मध्ये चंद्राचा डॅगेरोटाइप, म्हणजे चांदी चढवलेल्या पत्र्यावरचा सुरुवातीच्या काळातला फोटो, मिळवला. त्याआधी ही पद्धत काढणाऱ्या खुद्द डॅगेर यांनी प्रयत्न केल्याचं सांगतात, पण तो फोटो उरलेला नाही, त्यामुळे मान ड्रेपरना देणंच बरं. १८५० मध्ये हार्वर्डला व्हिपल आणि बाँड यांनी अभिजित ताऱ्याचा फोटो घेतला. शहराची रात्र हा कलावंतांचा विषय झाला तो १८९० च्या दशकात, लंडनमध्ये पॉल मार्टिन आणि न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांच्यामुळे. पुढे १९३० च्या आसपास पॅरिसच्या गल्ल्यांतून रात्रभर हिंडणारे ब्रासाई एक्स्पोजर (शटर उघडं ठेवायचा वेळ) सिगारेटीवर मोजायचे, अंधार जास्त असला की जास्त वेळ जळणारी सिगारेट. याच्या अगदी उलट अमेरिकेतले ओ. विन्स्टन लिंक, ज्यांनी १९५५ ते १९६० या काळात वाफेच्या आगगाड्या शेकडो फूट वायर पसरून फ्लॅशबल्बांच्या उजेडात टिपल्या. आहे तो अंधार राखायचा की स्वतःचा उजेड घेऊन जायचं, हे दोन पंथ आजही आहेत आणि कोकणातले बहुतेक जण पहिल्या पंथातले.

आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती, पण तेव्हाची पाटी (फिल्मच्या जागी वापरायची काच) कलोडियन या चिकट द्रावणाची, ओली असतानाच वापरायची आणि सुकायच्या आत डेव्हलप करायची, म्हणजे पंधराएक मिनिटांचा खेळ, त्यात रात्रीचं लांबलचक एक्स्पोजर कुठून बसणार. कोरडी जिलेटिनची पाटी (शोध १८७१) रुळल्यावरच हे काम आवाक्यात आलं.

कोकणात काळोखात कॅमेरा पहिल्यांदा कधी लागला, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक लोक विजयदुर्गाकडे बोट दाखवून देतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. किल्ल्यात दगडी चौथरे आहेत, त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. सर्रास सांगितलं जातं ते असं की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नॉर्मन लॉकयर साहेबांनी या कट्ट्यांवर दुर्बीण लावून हेलियमचा शोध लावला. त्यासाठी दरवर्षी १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिन साजराही होतो. पण ही जुळणी नीट बसत नाही. ग्रहणाचा पट्टा त्या साली दख्खनमधून गेला हे खरं, फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, मेजर टेनंट यांनीही तिथूनच ग्रहणाचे फोटो घेतले, लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला होते. लॉकयर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट तिथूनच, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ ला पाहिला. शिवाय ऑगस्टमध्ये कोकणात आभाळ कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, दुर्बीण लावायची तर आधी छत्री लावावी लागेल.

लॉकयर विजयदुर्गाला आले ते ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, आणि मदतीला मेल्पोमीनी या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी होते. कट्टे याच मोहिमेचे असावेत, असं मानायला जास्त आधार आहे. या वेळी प्रिझमॅटिक कॅमेरे होते, म्हणजे भिंगापुढे लोलक बसवलेला कॅमेरा, त्यामुळे सूर्याच्या कडेची बारीक कोर पाटीवर एकदाच न उमटता प्रत्येक रंगाच्या जागी वेगवेगळी उमटते आणि कुठलं मूलद्रव्य किती उंचीवर आहे ते कोरीच्या लांबीवरून काढता येतं. हे सगळं खग्रास स्थितीच्या सुमारे दोन मिनिटांत उरकायचं, खलाशांकडून तालीम करून घेतलेली ती त्यासाठीच. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे कावसजी नेगमवाला आपली तुकडी घेऊन जेऊरला गेले होते. आता दुपारच्या ग्रहणाला रात्र म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. पण काळोखाचं गणित करून, आधी तालीम करून, ठरल्या सेकंदाला शटर उघडायचं हे रात्रीच्या छायाचित्रणाचं सगळं तंत्र त्यात आहे, म्हणून प्रस्तुत नोंदीत १८९८ हीच सुरुवात धरली आहे. हेलियमचं श्रेय विजयदुर्गाला दिलं नाही म्हणून गडाचं काही कमी होत नाही.

आजचा कोकणातला फोटोग्राफर घड्याळाआधी पंचांग बघतो, कारण आकाश आणि समुद्र दोन्ही तिथीवर चालतात. भरतीचा किनाऱ्यावरचा ठोकताळा सगळ्यांना माहीत असतो : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा (गावोगाव थोडा फरक पडतो). ताऱ्यांसाठी नवखे लोक डोळे मिटून अमावास्या निवडतात. तेव्हा उधाण (सगळ्यात मोठी भरती-ओहोटी) असतं आणि ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमाराला, म्हणजे माणूस सुक्या खडपावर (किनाऱ्यावरच्या कातळावर) मस्त चालत पुढे जातो, ट्रायपॉड लावतो, आणि डोकं वर आकाशात असताना मागची वाट पाण्याखाली जाते. प्रस्तुत लेखकाचा एक ट्रायपॉड असाच गेला, माणूस वाचला. त्यापेक्षा वद्य अष्टमी-नवमी बरी : भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, मध्यरात्रीच्या आसपास ओहोटी, आणि चंद्रही तेव्हाच उगवतो, म्हणजे आधीचे चारेक तास पूर्ण काळोख. पहाटेची आकाशगंगा हवी असेल तर शुद्ध अष्टमी, चंद्र मध्यरात्री मावळतो आणि मग रान मोकळं.

आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग धनु राशीकडे, मूळ नक्षत्राच्या बाजूला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पहाटे आग्नेयेला, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूला वर येतो, त्यामुळे समुद्राकडे पाठ करून उभं राहावं लागतं. मेअखेरीस पहाटे चारनंतर नैर्ऋत्येला झुकतो, पण तेव्हा हवा दमट आणि ढगांची ये-जा चालू. समुद्रावर उभी आकाशगंगा हा जो फोटो प्रत्येकाला हवा असतो तो खरा मिळतो ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दिवेलागणीनंतर तासाभराने, पावसाने धुतलेल्या हवेत. मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ला साधारण नैर्ऋत्य अंगालाच येतो, त्यामुळे त्या दिवसांत तिथे ट्रायपॉडांची रांग लागते. रात्री किल्ल्यात थांबता येत नाही, जे काही ते बाहेरून.

स्टार ट्रेलवाल्यांसाठी, म्हणजे ताऱ्यांच्या फिरण्याच्या रेघा टिपणाऱ्यांसाठी, कोकणाचं आकाश जरा वेगळं आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाएवढाच वर असतो, मालवणला १६ अंश, अलिबागला साडेअठरा, त्यामुळे ध्रुवाभोवतीची मोठी वर्तुळं खालून कापली जातात. उलट पश्चिमेला तारे क्षितिजाशी ७१ ते ७४ अंशांचा कोन करून जवळजवळ सरळ समुद्रात उतरतात, आणि ती उभी रेघोटी युरोपातल्या फोटोंत दिसत नाही. संधिप्रकाशही लवकर आटपतो, सूर्यास्तानंतर सव्वा तासात पूर्ण काळोख. तारे ठिपक्यासारखे हवे असतील तर ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, २० ची लेन्स असली तर २५ सेकंद. हा नियम फिल्मच्या काळातला आहे, आताच्या सेन्सरला निम्मंच धरावं.

काळोख मात्र आता विकत घ्यावा लागेल अशी वेळ आहे. अलिबाग-मुरूडकडे मुंबईकडची उत्तर बाजू रात्रभर पिवळट असते. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडे बरं आहे, पण तिथेही पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) पर्यटनासाठी हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे मोठे दिवे, उभे राहिलेत. समुद्रात एलईडीच्या झगझगाटात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी क्षितिजावर पांढरे लोळ दिसतात अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार असते, आणि फोटोत ते नेमके आकाशगंगेच्या पायाशी येतात. जून-जुलैत मासेमारी बंद, क्षितिज एकदम काळं, पण वर पाहावं तर नुसते ढग. महाराष्ट्रात पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ते जंगल आहे म्हणून जमलं, किनाऱ्यावर वस्ती आहे.

समुद्र स्वतः उजळतो तो प्रकार वेगळाच. नॉक्टिल्युका सिंटिलान्स हा एकपेशीय जीव लाटेने ढवळला की निळा चमकतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहूपासून देवगडपर्यंत अशा लाटा दिसल्या आणि फोटो घरोघर फिरले. अरबी समुद्रात या जीवाचा हिवाळी बहर गेल्या काही दशकांत वाढलाय असं संशोधक सांगतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी : १०-१५ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये जो गडद निळा येतो तो डोळ्याला तसा दिसत नाही, अंधारात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, पांढुरका उजेड दिसतो. फोटो बघून धावत आलेले लोक मग हिरमुसतात. काजव्यांचंही तसंच, पावसाच्या तोंडावर कलमांच्या बागेत दिसणारे शेकडो ठिपके एका फोटोत असतात ते पन्नास-साठ फोटो एकावर एक रचून केलेले, म्हणजे स्टॅकिंग.

वेळास, आंजर्ले, गुहागरच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तिथे फ्लॅश, टॉर्च, मोबाईलची स्क्रीन सगळं बंद. पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात, समुद्र समजून कॅमेऱ्याकडे येतील.

माणसांची रात्र टिपायची तर कार्तिकापासून सुरू होणाऱ्या जत्रा आणि दशावतार. पूर्वी पेट्रोमॅक्सच्या उजेडात रंगवलेला चेहरा एका बाजूने तापल्यासारखा यायचा. आता एलईडी, त्यात शटर जलद ठेवलं की फोटोवर आडवे पट्टे येतात, १/५० किंवा १/१०० ठेवलं तर सुटतात. शिमग्याच्या होमाला ज्वाळा पांढऱ्या जळू नयेत म्हणून एक्स्पोजर कमीच ठेवावं लागतं. कुणकेश्वरची महाशिवरात्रीची जत्रा नेहमी वद्य चतुर्दशीला, म्हणजे आभाळ काळंभोर आणि खाली सगळी रोषणाई, दोन्ही एका फोटोत मिळवणं अजून कुणाला फारसं साधलेलं नाही. रात्रीअपरात्री ट्रायपॉड खांद्यावर घेऊन निघालात की गावातलं कोणीतरी "रातीचो खंय चललंस?" विचारतंच, आणि देवचाराची (गावची राखण करणाऱ्या भुताची) आठवणही करून देतं.

२०१८ नंतर मोबाईलमध्ये नाईट मोड आला आणि हातात धरूनही बरा फोटो येऊ लागला. पण कोकणची दमट हवा मोबाईललाही सोडत नाही, मध्यरात्रीनंतर काचेवर दव धरतं. लेन्सला गुंडाळायचे हीटरचे पट्टे मिळतात, नाहीतर दर दहा मिनिटांनी सुती फडक्याने पुसायचं, घासून नाही, टिपून, कारण खाऱ्या वाऱ्याने काचेवर मिठाचे कण बसलेले असतात आणि चरे पडतात. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवायचे, नाहीतर महिन्याभरात सांधे धरतात.