एका शब्दाला लागलेली तारीख

आद्य-स्लाव भाषेतली लिहिलेली एकही ओळ आपल्या हाती नाही. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन या तिच्या लेकी. लेकींचे शब्द शेजारी ठेवून अभ्यासक आईचा शब्द बांधतात आणि त्याच्या डोक्यावर तारा काढतात. तारा म्हणजे हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, तो तर्काने उभा केला आहे. मग त्याचा काळ कसा ठरवायचा? यासाठी 'राजा' हा शब्द फार मोलाचा आहे.

आधी तटबंदीच्या वस्तीचा शब्द पाहू: *गोर्दु. आपल्या संस्कृत 'गृह'चं नातं याच कुळाशी सांगतात. यातला 'ओर्' प्रत्येक शाखेने वेगळा फोडला. रशियनने मध्ये स्वर घातला, 'गोरोद' केलं. नोव्हगोरोद म्हणजे नवं शहर. सर्बियनने अक्षरांची अदलाबदल केली, 'ग्राद'. चेकमध्ये 'ह्राद', पोलिशमध्ये 'ग्रुद'. (व्होल्गोग्रादमधला 'ग्राद' रशियनमध्ये चर्चच्या भाषेतून आला, ती दक्षिणेकडची होती.)

आता राजा: रशियन 'कोरोल', पोलिश 'क्रुल', चेक 'क्राल', सर्बियन 'क्राल्य'. फोड अगदी तीच! म्हणून मूळ रूप *कोर्ल्य. आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते हे चक्क एका माणसाचं नाव आहे: फ्रँकांचा राजा कार्ल, म्हणजे शार्लमेन. तो 768 मध्ये गादीवर आला, 814 मध्ये वारला. पूर्व सीमेवरच्या स्लाव टोळ्यांशी त्याच्या लढाया झाल्या, काहींना त्याने मांडलिक केलं. सीझरच्या नावावरून जसा 'त्सार' झाला, तसाच कार्लवरून राजा.

शार्लमेनचं नाव आठव्या शतकाच्या उत्तरार्धाआधी राजा या अर्थाने रुळणं शक्य नाही. तरीही त्याच्यावर हे ध्वनिबदल झाले. म्हणजे इसवी सन 800च्या आसपास ते अजून चालूच होते आणि स्लाव बोली एकमेकींपासून फार दुरावल्या नव्हत्या. बदल थांबल्यानंतर तेच नाव रशियनमध्ये पुन्हा आलं, तेव्हा त्याला कुणी हात लावला नाही: कार्ल मार्क्स रशियनमध्येही 'कार्ल'च आहे. मला हा पुरावा विलक्षण सुंदर वाटतो.

बोली तेव्हा फार दुरावल्या नव्हत्या, याला इतिहासाचीही साथ मिळते. 863च्या सुमारास सिरिल आणि मेथोडियस हे भाऊ थेस्सलोनिकीजवळची स्लाव बोली घेऊन मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रदेशात, धर्मप्रसाराला गेले आणि तिथल्या लोकांसाठी त्यांनी तीच बोली ग्रंथांत वापरली.