मध्यम बजेटचा गेमिंग पीसी : १६ मिलिसेकंदांचे गणित

गेमिंग पीसीचे सुटे भाग निवडायला बसले की बहुतेकांची सुरुवात प्रोसेसरपासून होते आणि मॉनिटरचा विचार अगदी शेवटी, उरलेल्या पैशांत केला जातो. हा क्रम उलटा असायला हवा, कारण संगणकाला दर सेकंदाला किती काम उपसावे लागणार हे मॉनिटरच ठरवतो. १९२० बाय १०८० रिझोल्यूशनच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० च्या पडद्यावर ३६.९ लाख, तर ३८४० बाय २१६० च्या, म्हणजे ज्याला सर्रास ४के म्हटले जाते त्या पडद्यावर जवळपास ८३ लाख. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना पिक्सेल पावणेदोनपट होतात, तिसऱ्यावर थेट चौपट. मध्यम बजेटमध्ये ४के मॉनिटर घेणे म्हणजे ग्राफिक्स कार्डाला पहिल्या दिवसापासून धाप लावणे होय.

पिक्सेलइतकेच महत्त्व वेळेला आहे. रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो तो दर, ६० हर्ट्‌झ असेल तर प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक पूर्ण चित्र, १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. १४४ हर्ट्‌झला हीच मुदत जेमतेम ७ मिलिसेकंदांवर येते. या अवधीत प्रोसेसर पात्रांच्या हालचाली, टकरी आणि शत्रूंचे निर्णय यांचा हिशेब करून काय काय रेखाटायचे याच्या आज्ञा तयार करतो, आणि ग्राफिक्स कार्ड त्या आज्ञांवरून प्रत्यक्ष चित्र काढते. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो, त्यामुळे दोघांपैकी जो संथ, त्याच्या गतीने खेळ चालतो. गंमत अशी की प्रोसेसरच्या कामाचा पिक्सेलच्या संख्येशी फारसा संबंध नसतो, कार्डाच्या कामाचा मात्र थेट असतो. म्हणूनच आपल्या सध्याच्या पीसीवर रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेमची संख्या, झपाट्याने वाढला तर कार्ड कमी पडत होते, आणि तो जागचा हलला नाही तर प्रोसेसर.

मध्यम बजेटमध्ये एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा, याबद्दल फारसा वाद नाही. वाद होतो तो कार्डावरच्या मेमरीबद्दल, आणि तिथे सरासरी फ्रेमरेटचे तक्ते दिशाभूल करतात. समजा एका सेकंदात ८९ फ्रेम प्रत्येकी १०.६ मिलिसेकंदांत आल्या आणि एक फ्रेम जवळपास ५७ मिलिसेकंद अडकून राहिली, तर सरासरी ९० भरेल. खेळणाऱ्याला मात्र त्या सेकंदात जाणवेल तो फक्त झटका. असे झटके बऱ्याचदा मेमरी अपुरी पडल्यामुळे बसतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० चे उदाहरण घेऊ. या कार्डावरच्या ८ जीबी मेमरीतून सेकंदाला २७२ जीबी माहिती वाचता येते. ती मेमरी भरली की उरलेली टेक्स्चर्स (वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवायची चित्रे) संगणकाच्या रॅममधून मागवावी लागतात, आणि तो मार्ग आहे चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस या मदरबोर्डवरच्या जोडणीच्या आठ लेनचा, ज्यावरून सेकंदाला एका दिशेने सुमारे १६ जीबीच येऊ शकतात. वेग सतरा पटींनी घसरतो. तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डावर हेच कार्ड बसवले तर तो मार्ग आणखी निम्मा होतो. म्हणून २५६० बाय १४४०, म्हणजे थोडक्यात ‘१४४०’, रिझोल्यूशनवर खेळायचे असेल, तर थोडी वेगवान चिप पण ८ जीबी आणि थोडी संथ चिप पण १२ किंवा १६ जीबी अशा निवडीत मी दुसऱ्या कार्डाच्या बाजूने कौल देईन.

लहान चित्र काढून ते मोठे करणाऱ्या डीएलएसएस आणि एफएसआर या तंत्रांनी या गणितात एक पळवाटही आणली आहे. १४४० च्या पडद्यावर त्यांची ‘क्वालिटी’ पातळी निवडली की खेळ आतून साधारण १७०७ बाय ९६० वर रेखाटला जातो आणि मग मोठा केला जातो. मोठे करण्याच्या कामालाही थोडा वेळ लागतो. तरी प्रत्यक्ष रेखाटायचे पिक्सेल १९२० बाय १०८० च्या पडद्यापेक्षाही कमी असतात.

प्रोसेसरच्या बाबतीत कोअरची, म्हणजे आतल्या स्वतंत्र गणन-एककांची, संख्या पाहून भुलू नये. बहुतेक खेळांना सहा कोअर आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारी कामे) पुरतात. खरा फरक पाडते ती कॅश मेमरी, म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेली छोटी पण वेगवान मेमरी. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरला आठच कोअर होते आणि त्याचा कमाल क्लॉक (चालण्याचा वेग) ५८००एक्सपेक्षा कमी होता, पण एल३ कॅश ३२ वरून ९६ एमबीवर नेल्याने अनेक खेळांत त्याने आपल्या या भावंडाला मागे टाकले. खेळातली माहिती मेमरीत विखुरलेली असते, आणि ती आणायला प्रत्येक वेळी रॅमपर्यंत जावे लागले की प्रोसेसरची कितीतरी क्लॉक-आवर्तने नुसती वाट पाहण्यात जातात.

रॅम घेताना ३२ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा १६ जीबीच्या दोन घ्याव्यात. डीडीआर५-६००० ची एक पट्टी सेकंदाला ४८ जीबी देते, दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की ९६. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय सुरू केल्याशिवाय ही रॅम बहुधा कमी वेगानेच चालते, आणि कित्येक पीसी वर्षानुवर्षे तसेच चालत राहतात. एसएसडीबद्दल फार बोलण्यासारखे नाही: जुन्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते आणि चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवरची एनव्हीएमई सात हजारांपर्यंत, तरी खेळ उघडण्याच्या वेळेतला फरक बहुतेकदा थोडकाच असतो. मदरबोर्डवरच्या रंगीत दिव्यांना तर खेळात काहीच काम नसते.

काटकसर जिथे हमखास केली जाते आणि जिथे ती करू नये, तो भाग म्हणजे एसएमपीएस, अर्थात भिंतीतली वीज आतल्या भागांना पुरवणारा पॉवर सप्लाय. ‘८० प्लस’चा शिक्का कार्यक्षमतेबद्दल सांगतो. आतल्या भागांना ४०० वॅट हवे असतील आणि कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर भिंतीतल्या सॉकेटमधून ४४४ वॅट ओढले जातात आणि त्यातल्या ४४ वॅटची एसएमपीएसमध्येच उष्णता होते. पण व्होल्टेज किती स्थिर राहते किंवा शॉर्ट सर्किटपासून कितपत संरक्षण मिळते, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. शिवाय ग्राफिक्स कार्डाची वीज सपाट रेषेत वाहत नाही. क्षणाच्या अगदी छोट्या अंशात ती सरासरीच्या कितीतरी वर उसळी घेते. एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात असे झटके सोसण्याची अट घालण्यात आली ती यामुळेच. खेळ रंगात आल्यावर पीसी अचानक बंद पडतो आणि वॅटची बेरीज तर जुळते, अशा वेळी संशयाची सुई पहिल्यांदा एसएमपीएसकडे वळवावी. कार्ड आणि प्रोसेसर यांची कमाल गरज एकत्र करून त्यावर तिसरा हिस्सा अधिक क्षमता ठेवली, तर पुढे कार्ड बदलतानाही तोच एसएमपीएस बहुधा चालून जातो.