तांडेल, वाटाड्या आणि एक अस्वल: आग्नेय अलास्कातल्या शिकार-सफरींची पार्श्वभूमी

मे महिना लागला की जुनो, सिटका अशा गावांच्या धक्क्यांवरून काही बोटी आठ-दहा दिवसांच्या बेतानं बाहेर पडतात. बोटीवर एक-दोन पाहुणे शिकारी असतात, एखादा मदतनीस असतो आणि परवानाधारक गाइड असतो. बहुतेक वेळा तांडेलही तोच. मागे दोरानं बांधलेली छोटी होडी पाण्यावर उड्या मारत येते. सफर कितीही लांबली तरी एका शिकाऱ्याला मिळणार एकच तपकिरी अस्वल, आणि या भागात बहुतेक ठिकाणी त्यानंतर चार वर्षं त्याला दुसरं मारता येत नाही. अनेकजण हात हलवत परततात.

बोट, गाइड, मे महिना आणि एकच अस्वल, ही घडी आज नैसर्गिक वाटते. पण तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीमागे सव्वाशे वर्षांचा झगडा आहे.

आधी बोटीचं. आग्नेय अलास्का म्हणजे शेकडो बेटं, खोल खाड्या आणि पाण्यापर्यंत उतरलेलं दाट जंगल. जुनो ही राज्याची राजधानी, पण बाहेरून तिथे रस्ता जात नाही. छोटी विमानं पाण्यावर उतरतात खरी, मात्र ज्या दिवशी विमानातून आलात त्या दिवशी अस्वल मारायचं नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे 3 वाजेपर्यंत थांबायचं, असा राज्याचा नियम आहे. वरून अस्वल हेरायचं, शेजारी उतरायचं आणि गोळी घालायची, हे रोखण्यासाठी तो केला. बोटीला ही अट नाही. तिच्यावरच झोपायचं, तिच्यावरच जेवायचं आणि दिवसभर किनारा न्याहाळत राहायचं.

मे महिना ठरवला तो अस्वलानं. हिवाळाभर डोंगरात झोपलेली अस्वलं एप्रिल-मेमध्ये बिळाबाहेर येतात. मोठे नर आधी येतात, पिल्लांच्या आया शेवटी. वर अजून बर्फ असतो आणि सामन मासे नद्यांत चढायला अवकाश असतो. हिरवं काही असेल तर ते खाडीच्या तोंडाशी, खाजणात. तिथे कोवळा लव्हाळा फुटलेला असतो आणि चारशे-पाचशे किलोपर्यंत वाढू शकणारं हे जनावर गाईसारखं मान खाली घालून तो चरत असतं. आपल्याकडच्या शिकारीच्या शब्दांतले मचाण आणि हाका इथे कामाचे नाहीत. इथे दुर्बीण लागते आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ असावं लागतं. पाणी सहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. चुकीच्या वेळी होडी लावली, तर परतताना ती अर्धा फर्लांग चिखलात बसलेली सापडते.

अस्वल दिसलं की मोठी बोट दूर नांगर टाकते. शिकारी आणि गाइड छोट्या होडीत उतरतात. इंजिन बंद करून वल्ह्यांवर किनारा गाठायचा, वारा तोंडावर आहे ना ते पाहायचं आणि मग जमिनीवर पाय ठेवायचा. आग्नेय अलास्कात होडीतून मोठ्या जनावरावर गोळी झाडायला मनाई आहे, अपवाद फक्त अपंग शिकाऱ्यांचा. यापुढे गाइडचं खरं काम सुरू होतं: नर की मादी हे ओळखणं. डोकं रुंद आणि कान त्यापुढे लहान दिसत असले तर बहुधा जुना नर. डोकं अरुंद आणि कान मोठे असले तर मादी किंवा कोवळं जनावर. शंका आली तर थांबायचं. अर्धा-पाऊण तास गवतात ओलं होत बसायचं, मागून झाडीतून पिल्लू येतं का पाहायचं, कारण पिल्लांसोबतची मादी मारणं गुन्हा आहे. हे थांबणंच या धंद्याचं सगळ्यात मोठं कसब, असं मला वाटतं. ते कायद्यात कसं शिरलं, ही या सफरींच्या इतिहासातली मोठी गोष्ट.

या खाड्यांत होड्यांनी फिरणारे पहिले लोक म्हणजे इथले आदिवासी, त्लिंगित. ॲडमिरल्टी बेटाला त्यांच्या भाषेत कूत्स्नूवू म्हणतात, म्हणजे अस्वलांचा गड. काही कुळांचं मानचिन्हच अस्वल आहे. 1867 मध्ये रशियानं अलास्का 72 लाख डॉलरला अमेरिकेला विकलं. ज्यांची जमीन होती त्यांना कुणी विचारलं नाही. 26 ऑक्टोबर 1882 रोजी अमेरिकी नौदलानं याच बेटावरच्या अँगून गावावर तोफा डागल्या, हिवाळ्याचा अन्नसाठा जाळला आणि होड्या फोडल्या. धुरानं सहा मुलं दगावली. होडी गेली म्हणजे मासे गेले, शिकार गेली आणि शेजारच्या खाडीत जाण्याची वाटही गेली. नौदलानं या गावाची माफी मागितली ती 2024 च्या ऑक्टोबरमध्ये. या पाण्यावरच्या शिकारीचा इतिहास लिहिताना हे पान गाळणं मला पटत नाही.

त्यानंतर पाहुणे आले. सगळ्यात गाजलेली सफर 1899 ची. रेल्वेसम्राट एडवर्ड हॅरिमनला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती आणि त्याला कोडियाक बेटावरचं अस्वल मारायचं होतं. त्यानं जॉर्ज डब्ल्यू. एल्डर नावाची आगबोट सजवली, सी. हार्ट मेरियम या प्राणिशास्त्रज्ञाकडून शास्त्रज्ञ गोळा करवले आणि 31 मे रोजी सिॲटल सोडलं. कुटुंब, शास्त्रज्ञ, चित्रकार, खलाशी धरून बोटीवर सव्वाशे माणसं होती. कोडियाकवर त्याला अस्वल मिळालं: एक मादी आणि तिचं पिल्लू. बोटीवर असलेल्या जॉन म्यूर या निसर्गलेखकानं रोजनिशीत 'आई आणि मूल' असं लिहून ठेवलं. आजच्या नियमांत हीच शिकार सरळ गुन्हा ठरली असती.

1902 मध्ये अलास्कासाठी पहिला शिकार कायदा आला. 1908 च्या दुरुस्तीनं गव्हर्नरला वॉर्डन, म्हणजे शिकारीवर नजर ठेवणारे अधिकारी, नेमण्याचा आणि गाइडांची नोंदणी करून त्यांना परवाने देण्याचा अधिकार दिला. कारण उघड होतं. हजारो मैलांचा किनारा आणि हातात मोजके वॉर्डन. पैसेवाल्या पाहुण्याशेजारी उभा राहून त्याला 'नको' म्हणू शकेल असा माणूस तोच, ज्याचा परवाना पणाला लागलेला असतो. आजही राज्याबाहेरच्या माणसाला तपकिरी अस्वलाच्या शिकारीसाठी परवानाधारक गाइड किंवा तिथेच राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतो.

त्या काळच्या वाटाड्यांमध्ये ॲलन हॅसलबोर्ग विलक्षण होता. तो मूळचा अस्वलांचा शिकारी. 1907 मध्ये निसर्ग-अभ्यासक ॲनी अलेक्झांडर यांच्या संशोधन मोहिमेला त्यानं या बेटांवर साथ दिली. पुढे तो ॲडमिरल्टीवर मोल हार्बरला एकटाच राहू लागला आणि हळूहळू बंदूक बाजूला ठेवून अस्वलांचा जाणकार झाला. शिकाऱ्यांकडून आलेल्या कवट्या मोजून मेरियमनं 1918 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या तपकिरी अस्वलांच्या ऐंशीहून अधिक जाती-उपजाती मांडल्या. आज त्या सगळ्या एकाच जातीत धरतात. त्या संशोधनाला पैसा मिळाला तो हॅरिमनच्या विधवेनं उभारलेल्या निधीतून.

1929 मध्ये ॲडमिरल्टीवर जॅक थेयर हा वनखात्याचा माणूस अस्वलाच्या हल्ल्यात गेला आणि बेटावरची अस्वलं संपवून टाका अशी मागणी जोर धरू लागली. लाकूड कंपन्यांनाही ते सोयीचं होतं. त्याविरुद्ध जॉन होल्झवर्थ या लेखकासारख्या अस्वलप्रेमींनी मोहीम उघडली. 1932 मध्ये प्रश्न अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे गेला आणि त्याच दशकात बेटावरचा पॅक क्रीकचा परिसर शिकारीला बंद झाला.

यानंतरचं प्रकरण फारसं कुणाला ठाऊक नाही आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. 1968 मध्ये वनखात्यानं आग्नेय अलास्कातल्या टोंगास या सरकारी जंगलातलं पावणेनऊ अब्ज बोर्डफूट (लाकूड मोजण्याचं एकक) लाकूड 50 वर्षांच्या करारानं एका कंपनीला विकलं. त्यात ॲडमिरल्टीचा पश्चिम भाग होता. सिएरा क्लब ही निसर्गरक्षक संस्था कोर्टात गेली. सोबतच्या वादींमध्ये सिटकाची अशीच एक संस्था होती आणि कार्ल लेन नावाचा माणूस होता. लेनचा धंदा काय? बोटीवरून अस्वलांच्या शिकारीला नेणारा गाइड. जंगल तुटलं तर अस्वल जाईल आणि आपलं पोटही जाईल, हे त्यानं न्यायालयात सांगितलं. खालच्या कोर्टात ते हरले, पण खटला चालू राहिला. कंपनीनंच नेमलेल्या तज्ज्ञांचा अहवाल तोडीच्या विरोधात गेला आणि 1976 मध्ये करार रद्द झाला. 1 डिसेंबर 1978 रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ॲडमिरल्टीला राष्ट्रीय स्मारक, म्हणजे संरक्षित क्षेत्र, जाहीर केलं. बेटावर आज सुमारे 1,600 तपकिरी अस्वलं आहेत. त्यांच्या जिवंत असण्यात एका शिकारी गाइडच्या सहीचा वाटा आहे.

गाइडांची बाजू नेहमीच अशी उजळ होती असं नाही. राज्यानं त्यांना स्वतंत्र इलाखे वाटून दिले होते. वन्यजीव सर्वांचे, मग असे मक्ते कसे, असं म्हणत अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयानं 1988 च्या ओसिचेक खटल्यात ते इलाखे घटनाबाह्य ठरवले. तत्त्व रास्त होतं. पण इलाखा आपला असेपर्यंत पुढच्या वर्षासाठी नर राखून ठेवणं गाइडच्या हिताचं होतं, ते बंधन यामुळे सुटलं.

दक्षिणेला, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. तिथे गाइडचे इलाखे विकत घेता येतात. 2005 मध्ये रेनकोस्ट या संस्थेनं किनाऱ्यावरचा चोवीस हजार चौरस किलोमीटरहून मोठा इलाखा विकत घेतला, तो परक्या शिकाऱ्यांच्या गोळ्या थांबवण्यासाठीच. 2012 मध्ये किनाऱ्यावरच्या आदिवासी राष्ट्रांनी आपापल्या भूमीत हौशी शिकार बंद जाहीर केली. 18 डिसेंबर 2017 रोजी प्रांतानं ग्रिझलीची (तिथल्या तपकिरी अस्वलाची) शिकार आदिवासींखेरीज सगळ्यांना बंद केली. बोटी आणि खाड्या त्याच राहिल्या, मात्र गिऱ्हाइकांच्या हातात आता कॅमेरे आहेत.

अलास्कात बंदी नाही, हिशेब आहे. ॲडमिरल्टी, बॅरानॉफ आणि चिचागॉफ या बेटांसाठी 2000 मध्ये शिकारी, गाइड, निसर्गप्रेमी आणि सरकारी जीवशास्त्रज्ञांनी एकत्र बसून आराखडा केला: माणसामुळे मरणारी अस्वलं दरवर्षी एकूण संख्येच्या 4 टक्क्यांच्या आत ठेवायची. म्हणून बोट धक्क्याला लागली तरी सफर संपत नाही. कातडं आणि कवटी 30 दिवसांच्या आत वन्यजीव खात्याच्या माणसापुढे ठेवावी लागतात. तो कवटी मोजतो, वय कळावं म्हणून एक छोटा दात काढून घेतो, नर की मादी ते तपासतो आणि कातड्याला क्रमांकाचं सील ठोकतो. मेरियमच्या टेबलावर याच बेटांवरच्या कवट्या नव्या जाती शोधण्यासाठी मोजल्या जात होत्या. आता त्या मोजतात, त्या वर्षी त्या खाडीवर आणखी किती बोटी जाऊ द्यायच्या हे ठरवण्यासाठी.