महिला मिलन (मुंबई)

महिला मिलन : मुंबईच्या फुटपाथवर संसार थाटलेल्या बायकांनी उभारलेली संघटना. भायखळा आणि नागपाडा परिसरात १९८६ च्या सुमारास तिची सुरुवात झाली. स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि जोकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ (नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन) यांच्या जोडीने ही संघटना चार दशके काम करत आली आहे. रोजची छोटी बचत, वस्तीची वस्तीनेच केलेली गणती आणि पालिका, पोलीस, रेल्वे यांच्याशी समोरासमोर बसून केलेली बोलणी या मार्गाने तिने फुटपाथवरच्या आणि रेल्वे रुळांलगतच्या हजारो कुटुंबांना पक्क्या घरांपर्यंत नेण्यात वाटा उचलला. भारतात बेघरांसाठी झालेले बरेचसे काम निवाऱ्यापुरते, म्हणजे रात्री अंग टेकायला जागा देण्यापुरते, राहिले. कायमच्या घराचा आग्रह धरणारे आणि तो तडीस नेणारे प्रयत्न थोडे झाले. महिला मिलन हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल.

फुटपाथवर राहणारा माणूस बेघर म्हणायचा का, असा प्रश्न काहींना पडतो, कारण त्याच्याकडे बांबू, प्लॅस्टिक आणि गोणपाटाची का होईना, झोपडी असते. मुंबईत ही झोपडी बहुधा कारखान्याच्या किंवा गोदामाच्या भिंतीला टेकून उभी असते. खोली जेमतेम, फुटपाथ जितका रुंद तितकीच. नळ नाही, मोरी नाही, संडास नाही. पाणी हॉटेलातून, गॅरेजमधून किंवा चाळीतल्या ओळखीच्या घरातून मागून आणायचे. एवढे सोसूनही लोक तिथेच राहिले, कारण कामाला चालत जाता येत असे. हमाली, हातगाडी, फेरीवाल्याचा धंदा, आसपासच्या इमारतींतली धुणीभांडी ही सगळी कामे दक्षिण मुंबईतली. उपनगरातल्या स्वस्त झोपडपट्टीत गेले तर कमाईतला मोठा भाग येण्याजाण्यात जाई आणि सकाळच्या कामावर वेळेत पोहोचणेही कठीण होई.

१३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरील रहिवाशांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात झोपड्या तोडायला सुरुवात झाली आणि काहींना गाड्यांत घालून शहराबाहेर नेण्यात आले. पत्रकार ओल्गा टेलिस, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना आणि स्वतः काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. तो लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, हे या निकालाने मान्य केले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवला जातो. पण त्याच निकालाने हेही सांगितले की फुटपाथ पादचाऱ्यांसाठी असतो, त्यावर घर बांधण्याचा हक्क कुणाला नाही आणि अतिक्रमण काढण्याचा पालिकेचा अधिकार घटनेला धरूनच आहे. १९७६ च्या गणतीत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यावी आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, झोपड्या हटवू नयेत, असे न्यायालयाने सांगितले. बाकीच्यांना मुदत मिळाली, घर मिळाले नाही. १९७६ ची गणती मुख्यतः सरकारी जागांवरच्या झोपडपट्ट्यांची असल्याने फुटपाथवरचे फारच थोडे लोक तिच्यात आले होते.

स्पार्कची स्थापना त्याआधी वर्षभर, १९८४ मध्ये झाली होती. शीला पटेल, सेलिन डिक्रूझ, प्रेमा गोपालन या संस्थापकांनी आधी नागपाड्यातल्या एका समाजकेंद्रात काम केले होते. फुटपाथवरच्या बायका तिथे दारापर्यंत येत, पण त्यांच्या अडचणींना बसेल अशी योजना कुणाकडेच नव्हती. भायखळ्यातल्या पालिका दवाखान्याच्या आवारातील एका गॅरेजमध्ये नव्या संस्थेचे काम सुरू झाले. दार उघडे असे आणि बायका येऊन बसत. त्या गॅरेजमधल्या गप्पांतूनच पुढचे सगळे निघाले.

निकालानंतर सर्वांना धास्ती होती ती १ नोव्हेंबरची. सरकारकडे या लोकांची संख्या नव्हती आणि वर्तमानपत्रांतून ते भिकारी, चोर, कालपरवा आलेले उपरे असल्याचे सांगितले जाई. म्हणून स्पार्क आणि वस्तीतल्या बायका यांनी मिळून गणती केली. पालिकेचा ई विभाग (भायखळा, नागपाडा परिसर) आणि शहरातले काही मुख्य रस्ते मिळून सुमारे ६,००० कुटुंबे, २७,००० माणसे नोंदली गेली. ‘वुई द इनव्हिजिबल’ या नावाने १९८५ मध्ये तिचा अहवाल निघाला. कष्टाची कामे करणारी, वर्षानुवर्षे एकाच फुटपाथवर राहिलेली, मुलेबाळे असलेली ही माणसे होती. त्यातून जे दिसले ते पुढे कुणाला नाकारता आले नाही. गणतीचा दुसरा परिणाम मात्र बाहेर कमी सांगितला जातो. घरोघर फिरताना एका गल्लीतल्या बायकांना कळले की पलीकडच्या गल्लीत त्यांच्यासारख्याच बायका राहतात, त्यांच्याही झोपड्या तशाच तुटतात. संघटनेला लागणारी ओळख इथे झाली.

पहिले काम निवडले गेले ते रेशन कार्डाचे. घराचा मोठा प्रश्न हाती घ्यायच्या आधी एक छोटी गोष्ट स्वतः मिळवून पाहायची, हा त्यामागचा विचार. नियम काय, अर्ज कुठला, साहेब कोण, हे सगळे समजून घेऊन बायका एकत्र रेशन ऑफिसात गेल्या. ज्या बाईच्या हातात कार्ड आले तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा सरकारी शिक्क्याचा पत्ता आला. पुढे पुनर्वसनाच्या पात्रतेसाठी पुरावे मागितले गेले तेव्हा हेच कागद उपयोगी पडले.

पाठोपाठ आली बचत. बचत गट हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला त्याच्या बऱ्याच आधी या बायका रोज रुपया-दोन रुपये बाजूला ठेवू लागल्या होत्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, म्हणून हिशेबासाठी वेगवेगळ्या रंगांचे कागदाचे तुकडे वापरत. रंगावरून रक्कम कळे आणि प्रत्येकीचे तुकडे तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत राहत. वस्तीतलीच एक बाई रोज दारोदार फिरून पैसे गोळा करी. या रोजच्या फेरीचे मोल पैशांहून मोठे होते. कोण आजारी आहे, कुणाचा नवरा पिऊन मारतो, कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही, हे तिला सर्वांआधी कळे. जमलेल्या पैशांतून अडीनडीला कर्ज दिले जाई आणि बाई सावकाराच्या दारातून परत येई. भाडे थकले, आजारपण आले, काम सुटले, की गरिबाचे घर जाते. ते त्या टप्प्यावरच थोपवणारे हे काम आहे, आणि बेघरपणा रोखण्याच्या चर्चेत त्याला मिळते त्यापेक्षा वरचे स्थान मिळायला हवे.

तोडकामालाही बायकांनी उत्तर शोधले. पालिकेची गाडी आली की बांबू, पत्रे, भांडी सगळे उचलून नेत आणि प्रत्येक वेळी संसार शून्यावर येई. महिला मिलनने पथकाशी बोलून असे ठरवले की झोपड्या आम्हीच उतरवतो, फुटपाथ झाडून देतो, सामान मात्र न्यायचे नाही. पालिकेचे काम कागदावर पूर्ण होई आणि बायकांचे सामान वाचे, त्यामुळे झोपडी पुन्हा उभी करता येई. यात हार आहे असे काही कार्यकर्त्यांना वाटे. पण दर खेपेला नवे प्लॅस्टिक घेणारी बाई पैसे कधीच साठवू शकत नाही, हे ज्यांना रोज दिसत होते त्यांचा हिशेब बरोबर होता.

मग विषय आला घराचा. घर कसे हवे, हे या बायकांना तोपर्यंत कुणी विचारले नव्हते. त्यांनी आधी इमारती, चाळी आणि एकमेकींच्या झोपड्या पाहिल्या. अंगावरची साडी उलगडून भिंतीची उंची मोजली. दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची एक खोली, पण उंची चौदा फूट, म्हणजे अर्ध्या भागावर पोटमाळा घालून झोपायला वेगळी जागा होईल, असा नमुना त्यातून तयार झाला. १९८७ च्या आसपास भायखळ्यात या घराच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृतींचे प्रदर्शन भरले. सरकारी अधिकारी, वास्तुविशारद आणि इतर वस्त्यांतले लोक त्या घरात शिरून पाहत आणि फुटपाथवरची बाई त्यांना खर्च समजावून सांगत असे. पुढे अशी प्रदर्शने भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या अनेक शहरांत भरली. १९९१ पासून दक्षिण आफ्रिकेतल्या बेघरांच्या संघटनांशी येणेजाणे सुरू झाले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल या जागतिक संघटनेची मुळे या देवाणघेवाणीत आहेत.

या चळवळीतला दुवा होते जोकिन अर्पुथम. कोलार गोल्ड फील्ड्समधून तरुणपणी मुंबईला आलेले अर्पुथम ट्रॉम्ब्याजवळच्या जनता कॉलनीत राहत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शेजारची ही मोठी वस्ती आणीबाणीत, १९७६ मध्ये, उठवली गेली आणि लोकांना चिता कॅम्पात हलवले. ती लढाई हरल्यावर, केवळ विरोध करून भागत नाही, पर्याय हातात घेऊन जावे लागते, या मताला ते आले. झोपडपट्ट्यांतल्या पुरुषप्रधान महासंघाने फुटपाथवरच्या बायकांना पुढे बसवले ही त्यांची मोठी कामगिरी. २००० मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

कायद्याचा दरवाजा उघडला तो १९९५ मध्ये. दि. के. अफझुलपूरकर समितीच्या शिफारशींवरून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (एसआरए) स्थापन झाले. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असलेल्या झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचे घर मोफत देण्याची ही योजना होती. तिच्यात फुटपाथवासीयांनाही पात्र धरले गेले. दहा वर्षांपूर्वी न्यायालयात जे मिळाले नव्हते ते इथे धोरण म्हणून मिळाले. घर पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याची आणि दहा वर्षे न विकण्याची अट होती. तरी कागदावरची पात्रता आणि हातात किल्ली यांत फार अंतर पडते. भायखळ्याच्या काही कुटुंबांची मिलन नगर ही सहकारी गृहनिर्माण संस्था पूर्व उपनगरातल्या मानखुर्दला प्रत्यक्ष उभी राहून तिथे लोक राहायला जाईपर्यंत १९८५ च्या गणतीतली मुले स्वतः आईबाप झाली होती.

संख्येने मोठे काम झाले ते रेल्वेलगतच्या वस्त्यांत. मध्य, पश्चिम आणि हार्बर मार्गांवर रुळांना खेटून हजारो झोपड्या होत्या. मुले रुळांवर खेळत, अपघात होत, गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागे. जागतिक बँकेच्या कर्जातून आखलेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी (एमयूटीपी) ही जागा मोकळी हवी होती. माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या कार्यगटाच्या आधारे राज्य सरकारने १९९७ मध्ये पुनर्वसन धोरण स्वीकारले. २००० च्या सुरुवातीला हार्बर मार्गावर सुमारे दोन हजार झोपड्या अचानक पाडल्या गेल्या. महासंघ आणि महिला मिलन यांनी आंदोलन करून ते थांबवले, आणि लगोलग, आम्हीच लोकांना हलवतो, असे सांगून जबाबदारी अंगावर घेतली. वस्तीतल्या लोकांनी झोपड्यांना क्रमांक दिले, नकाशे काढले, याद्या जाहीर लावल्या, हरकती ऐकल्या. साधारण पन्नास घरांचा एक गट करून शेजाऱ्यांना एकत्र ठेवले. काही जण थेट इमारतींत गेले, काही १२० चौरस फुटांच्या संक्रमण शिबिरातल्या खोल्यांत. थोड्या काळात सुमारे ६०,००० माणसे पोलीस बळाशिवाय हलली. मुंबईच्या इतिहासात याला तोड नाही.

असे असले तरी या घरांबद्दलच्या तक्रारी खऱ्या आहेत. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड, वाशी नाका या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या अभ्यासात अशा घरांतील क्षयरोगाचा संबंध प्रकाश आणि खेळत्या हवेच्या अभावाशी दिसून आला. लिफ्ट, पंप, सामाईक वीज यांचा दरमहा खर्च नव्याने अंगावर आला. दक्षिण मुंबईत धुणीभांडी करणाऱ्या बाईचे काम मानखुर्दला जाताच सुटले, आणि नव्या जागी तेवढे काम नव्हते. २००४ मध्ये प्रकल्पबाधित दुकानदार आणि रहिवाशांच्या तक्रारी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळापर्यंत गेल्या. काही अभ्यासक असेही म्हणतात की संघटनाच याद्या करू लागली की ती सरकारच्या बाजूला उभी राहते. आक्षेप गंभीर आहे. पण इमारतींमधले अंतर आणि वसाहतींची जागा या बायकांनी ठरवली नव्हती. त्यांच्या नमुन्यात चौदा फुटांची उंची होती. बांधकामाच्या नियमांनी आणि वाढीव चटईक्षेत्राच्या, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम बसवण्याच्या, गणिताने ती खाऊन टाकली.

शहरात निवाऱ्याचे काम वेगळ्या वाटेने चालते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असे सांगितले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी निधीची तरतूद झाली. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्री बेघरांची मोजणी झाली आणि देशात सुमारे १७.७ लाख, तर बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. बेघरांसोबत काम करणाऱ्या संस्था हा आकडा फार कमी मानतात. एका रात्रीत, अनोळखी प्रगणकाने, सतत हुसकावल्या जाणाऱ्या माणसांची नोंद पूर्ण होणे कठीणच.

पात्रतेची तारीख नंतर १ जानेवारी २००० पर्यंत पुढे आली. २००० ते २०११ या काळातल्या झोपडीधारकांना शुल्क भरून घर देण्याचे ठरले आणि २०२३ मध्ये हे शुल्क अडीच लाख रुपये निश्चित झाले. त्यानंतर आलेल्यांना, आणि ज्यांचे कागद तोडकामात गेले त्यांना, या योजनेत जागा नाही. भायखळा आणि नागपाड्याच्या फुटपाथवर अशी कुटुंबे आजही राहतात.