डिझेल मोटरहोमचं कूलंट: हिरवं, लाल, पिवळं हा घोळ आला कुठून

मोटरहोमच्या (चाकांवरच्या घराच्या) डिझेल इंजिनात कुठलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, टाकायचं हे दुकानात कॅनचा रंग बघून ठरवणारे खूप जण आहेत, आणि तिथेच फसतात, कारण रंगाला कुठलंही स्टँडर्ड नाहीये, कंपनीला वाटेल तो डाय ती टाकते. आता हे असं का झालं ते बघायला जरा मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या गाड्यांत नुसतं पाणी असायचं. थंड मुलखात ते गोठून ब्लॉक तडकायचा म्हणून लोक मेथिल अल्कोहोल मिसळायचे, पण ते ६५ डिग्रीलाच उकळतं, म्हणजे इंजिन तापलं की उडून जाणार आणि परत टॉप-अप करत बसा. इथिलीन ग्लायकॉल वुर्त्झ या फ्रेंच केमिस्टने १८५६ मध्येच बनवलं होतं, पण अमेरिकेत गाड्यांसाठी ते प्रेस्टोन नावाने बाजारात आलं १९२७ मध्ये. गंमत म्हणजे नुसतं ग्लायकॉल भरलं तर ते उणे १३ च्या आसपासच गोठतं, अर्धं पाणी घातलं की उणे ३७ पर्यंत टिकतं, फिफ्टी-फिफ्टी आलं ते तिथून. फक्त ग्लायकॉल जुनं झालं की त्यात ऍसिड तयार होतं आणि ते धातू खातं, म्हणून सिलिकेट, फॉस्फेट वगैरे घालायला लागले. हेच ते जुनं हिरवं कूलंट, दर दोन वर्षांनी बदला, कारला चालून जायचं.

खरी भानगड ट्रकच्या मोठ्या डिझेल इंजिनांमुळे झाली. त्यात वेट लायनर असतात, लायनर म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो ती सिलिंडरची नळी, आणि वेट म्हणजे तिच्या बाहेरच्या भिंतीला कूलंट थेट लागलेलं असतं. आत डिझेल पेटलं की पिस्टन बाजूला दणका देतो, लायनर घंटेसारखा थरथरतो, त्या थरथरीने कूलंटमध्ये बारीक बुडबुडे होतात आणि ते फुटताना लोखंडाचे कण उडवत जातात. असं हजारो तास चाललं की लायनरला आरपार भोक पडतं आणि कूलंट ऑइलमध्ये उतरतं. यावर उपाय निघाला नायट्राइटचा, ते लोखंडावर पातळ थर धरतं, बुडबुडा तो थर फोडतो आणि थर परत धरतो. पण नायट्राइट खर्च होत राहतं, म्हणून एससीए नावाचं ऍडिटिव्ह वेगळं टाकायचं, टेस्ट स्ट्रिप बुडवून बघायचं. कमी पडलं तर भोकं, जास्त झालं तर गाळ! वर कारचं सिलिकेटवालं कूलंट यात ओतलं तर हिरवी जेली होऊन रेडिएटर तुंबायचा, म्हणून हेवी ड्यूटीसाठी लो-सिलिकेट कूलंट वेगळं काढावं लागलं.

आता अमेरिकन डिझेल पुशरमध्ये, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेल्या मोठ्या मोटरहोममध्ये, इंजिन ट्रकचंच असतं, बरेचदा कमिन्स (हीच ती कंपनी जी १९६२ पासून किर्लोस्करांबरोबर पुण्यात होती). पण सगळी इंजिनं सारखी नाहीत. ५.९ लिटरच्या बी सिरीजमध्ये वेट लायनरच नाहीत, ८.३ आणि ८.९ मध्ये आहेत. मग ५.९ वाला दुसऱ्याचं ऐकून एससीए ओतत बसतो आणि ८.३ वाला कारचं कूलंट भरून निवांत असतो, दोन्ही उलटंच.

१९९० च्या दशकात ओॲट आलं, म्हणजे सिलिकेट-फॉस्फेटऐवजी ऑरगॅनिक ऍसिडवालं. जीएमने (जनरल मोटर्स) कारसाठी नारिंगी डेक्स-कूल काढलं, कॅटरपिलरने ईएलसी (एक्स्टेंडेड लाइफ कूलंट) आणलं, ज्यात सहा वर्षं किंवा १२,००० तासांचा वायदा होता, मध्ये एकदा एक्स्टेंडर नावाचं ऍडिटिव्ह टाकायचं. एससीएची कटकट गेली. पुढे रेडिएटर ॲल्युमिनियमचे झाले आणि नायट्राइट ॲल्युमिनियमला मानवत नाही असं दिसल्यावर नायट्राइट-फ्री ओॲट निघाले, म्हणजे ज्या गोष्टीने लायनर वाचवले तीच आता काही इंजिनांत नको झाली. युरोपात गोष्ट अजून वेगळी, तिथलं पाणी जड म्हणून फॉस्फेट नको, जपान्यांना वॉटर पंपाच्या सीलमुळे सिलिकेट नको. युरोपातल्या मोटरहोमखाली बहुतेक वेळा फियाट डुकाटो ही व्हॅन असते, तिच्यात जुन्या मॉडेलला निळं पॅराफ्लू ११ आणि नंतरच्यांना लाल पॅराफ्लू यूपी, दोन्ही एकमेकांत मिसळायची नाहीत.

त्यामुळे कॅनच्या मागचा नंबर बघा, इंजिनच्या बुकात जो दिलाय तोच, म्हणजे कमिन्सचा सीईएस १४६०३ किंवा कॅटचा ईसी-१ असं काहीतरी. नुसतं 'हेवी ड्यूटी' लिहिलेलं पुरत नाही. आणि तास-किलोमीटरचे आकडे ट्रकवाल्यांसाठी आहेत, मोटरहोम वर्षातले कित्येक महिने उभीच असते, तिला आधी वर्षांची मुदतच लागू होते. आधीचं काय भरलंय हे माहीत नसेल तर टॉप-अपच्या भानगडीत न पडता सगळं काढून फ्लश करा आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा, बोअरचं पाणी तर अजिबात नको.