विषारी झाडांविषयीचे समज (बडोदे)

अंगणातले किंवा गॅलरीतले झाड विषारी की निर्धोक, हे ठरवण्याचे काही ठोकताळे बडोद्याच्या मराठी घरांत चालत आले आहेत. चीक निघतो ते वाईट, कडू ते विषारी, पाखरे खातात ते निर्धोक. यांतला एकही सरसकट खरा नाही. शेवटचा तर उघड फसवा. पिवळ्या कण्हेरीची फळे कोकिळा खुशाल खातात, पण तिच्या बियांतले थेवेटिन माणसाच्या हृदयाचे ठोके बिघडवते. तरी ती दारात असते, कारण फुले महादेवाला चालतात. धोतऱ्याचेही तेच. देवाला वाहिलेले झाड भीतीतून सुटते, ही या समजांची खरी गोम. मारुतीसाठी रुईची माळ ओवून झाल्यावर डोळे चोळू नयेत, हे मात्र आजी बजावते, आणि ते योग्यच: तो चीक डोळ्याला इजा करतो.

एरंडाची गोष्ट इथे वेगळी. देशातले सर्वाधिक एरंडाचे पीक गुजरातेत होते, आणि वर्षाच्या साठवणीच्या गव्हाला, तुरीच्या डाळीला दिवेल चोळण्याची गुजराती रीत मराठी घरांनीही उचलली. दिवेल म्हणजे एरंडेल. तेल रोजच्या हाताळणीतले, म्हणून बीही निरुपद्रवी वाटते. पण रायसिन हे विष तेलात विरघळत नाही. ते पेंडीत राहते. चावून खाल्लेली बी म्हणूनच धोक्याची. मोगली एरंड त्याहून फसवा: बी चवीला शेंगदाण्यासारखी, मुले ती खातात आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात.

मनी प्लांट आणि डिफेनबेकिया (मोठ्या ठिपकेदार पानांचे कुंडीतले झाड) यांची धास्ती वाजवीपेक्षा जास्त आहे. पान चावल्यास तोंड सुजते, आग होते. जीव जाणे फार विरळा. ही आग पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे होते. तेच स्फटिक अळूतही असतात, आणि त्याची वडी आपण चवीने खातो.

कडूपणाचा नियम कारल्याला लागू नाही, दुधीला मात्र पक्का लागू आहे. कडू लागलेला दुधी, विशेषतः त्याचा रस, टाकूनच द्यावा.

मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय मात्र घातक ठरू शकतो. खाल्लेल्या बीचा किंवा पानाचा तुकडा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. गुजरातेत रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे.